‘फाराम भरल्यावर पैसे कधी भेटन?’ : आरोग्य संशोधनाचे सरकारी अनुदान समजून घेताना

यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात, अंगणवाडीच्या ओसरीवर बसून आमच्या पथकातील परिचारिका संमतीपत्र वाचून दाखवत होती. चार पानांचे ते पत्र समोरच्या बाईने शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतले, पदराने कपाळ पुसले आणि विचारले, “ताई, हे फाराम भरल्यावर पैसे कधी भेटन?” परिचारिकेने माझ्याकडे पाहिले. पत्रात पैशाचा उल्लेख होता, पण तो प्रवासखर्चाचा होता. बाईंना मात्र वाटत होते की निराधार, घरकुल किंवा पीकविमा यांच्यासारखाच हा आणखी एक अर्ज असावा. यात तिची काहीच चूक नव्हती. गावात सरकारी शिक्क्याचा जो कागद येतो तो बहुतेक वेळा एखाद्या योजनेचाच असतो, आणि संशोधनाचा कागद दिसायला अगदी तसाच दिसतो.

वर्धा आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांत अशा प्रकल्पांची कागदपत्रे सांभाळण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्या अनुभवावरून सांगते की आरोग्य संशोधनाचे अनुदान समजून घ्यायचे असेल तर आधी हा घोळ सोडवावा लागतो. योजना ही उत्तर ठाऊक झाल्यानंतर येते. संशोधनाचे अनुदान उत्तर ठाऊक नसते तेव्हा दिले जाते. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचेच पाहा. १९५८ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली, तेव्हापासून हा आजार आपल्या भागात अभ्यासाचा विषय आहे. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आणि चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट ठरवले. ही झाली योजना. पण बोटाच्या एका थेंबावर, उपकेंद्रात, वीज नसतानाही निकाल देणारी स्वस्त किट खरोखर अचूक आहे का, किती रुग्ण तिच्या नजरेतून सुटतात, हे कोणीतरी आधी तपासून पाहावे लागते. त्या तपासण्यासाठी जो पैसा लागतो तो संशोधनाचा पैसा. त्यातून गावाला लगेच काही मिळेलच असे नाही, आणि तसे आश्वासन देणारा माणूस एक तर अजाण आहे किंवा खोटे बोलतो आहे.

मग हा खर्च सरकारनेच का करावा? औषध कंपन्यांकडे पैसा काही कमी नसतो. याचे सर्वांत चांगले उत्तर मला आपल्याच भागात झालेल्या एका अभ्यासात सापडते. अ‍ॅस्पिरिन ही गोळी शंभर वर्षांहून जुनी, पेटंट केव्हाच संपलेले, किंमत नगण्य. पहिलटकरणीला गरोदरपणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांपासून कमी मात्रेतील अ‍ॅस्पिरिन दिली तर अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे कमी होतील का, हा प्रश्न लाखो घरांच्या जिव्हाळ्याचा होता, पण त्याच्या उत्तरातून कोणत्याही कंपनीला नफा मिळणार नव्हता. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे ‘एनआयएच’ने, या प्रश्नासाठी अनुदान दिले. सहा देशांतील सात ठिकाणी हा अभ्यास झाला. त्यातील दोन ठिकाणे भारतातील होती, बेळगाव आणि आपले नागपूर. एकूण ११,९७६ स्त्रिया सहभागी झाल्या. अर्ध्या जणींना अ‍ॅस्पिरिन मिळाली, अर्ध्या जणींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोणाला कोणती, हे चिठ्ठी टाकावी तसे संगणकाने ठरवले आणि ते ना त्या बाईला कळले ना गोळी देणाऱ्या ताईला. २०२० मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. औषध नसलेल्या गटात शंभरांमागे १३.१ बाळंतपणे अपुऱ्या दिवसांची झाली, अ‍ॅस्पिरिनच्या गटात ११.६.

हा फरक वाचून अनेक जण म्हणतात, दीडाच्या फरकासाठी बारा हजार बायका? पण बारा हजार लागतात त्या फरक इतका लहान आहे म्हणूनच. शंभर-शंभर बायकांच्या दोन गटांवर हा प्रयोग केला असता तर एका गटात बारा आणि दुसऱ्यात तेरा असा आकडा निव्वळ योगायोगानेही आला असता, आणि त्यातून काहीच सिद्ध झाले नसते. फरक जितका बारीक, तितकी माणसे जास्त लागतात. माणसे जास्त म्हणजे परिचारिका जास्त, गाड्या जास्त, वर्षे जास्त. संशोधनाच्या अंदाजपत्रकातील मोठे आकडे बहुधा इथून येतात, महागड्या यंत्रांतून नव्हे.

आता पैसा येतो कुठून ते थोडक्यात पाहू. आपल्याकडे आरोग्य संशोधनाचा मुख्य सरकारी दाता म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, सर्वांच्या तोंडी ‘आयसीएमआर’. १९११ मध्ये ती ‘इंडियन रिसर्च फंड असोसिएशन’ या नावाने सुरू झाली आणि १९४९ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. ती केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या आरोग्य संशोधन विभागाखाली येते. या विभागासाठी २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सुमारे ३,९०० कोटी रुपयांची तरतूद होती. त्याशिवाय जैवतंत्रज्ञान विभाग आहे, आणि २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेले अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आहे. एकट्या एनआयएचचे वार्षिक अंदाजपत्रक मात्र ४,७०० कोटी डॉलरच्या आसपास, म्हणजे साधारण चार लाख कोटी रुपये असते. आपल्या विभागाची तरतूद त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकी. जैवतंत्रज्ञानाचा निधी त्यात धरला तरी अंतर फारसे मिटत नाही.

आयसीएमआरचा पैसा दोन वाटांनी खर्च होतो. एक वाट तिच्या स्वतःच्या संस्थांची. चंद्रपूरचे हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांवरील संशोधन केंद्र, जे डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले, ते या वाटेवरचे. दुसरी वाट बाहेरच्यांसाठी असते, म्हणजे वैद्यकीय महाविद्यालये, विद्यापीठे आणि मान्यताप्राप्त संस्था यांच्यासाठी. सेवाग्रामच्या किंवा यवतमाळच्या महाविद्यालयातील एखाद्या प्राध्यापकाला अनुदान हवे असेल तर त्याला या दुसऱ्या वाटेने जावे लागते. विद्यार्थ्यांसाठीही एक लहान दार आहे. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या लहान संशोधनासाठी विद्यावेतन देण्याची आयसीएमआरची योजना १९७९ पासून चालू आहे, आणि विदर्भातल्या कित्येक प्राध्यापकांचे पहिले संशोधन त्याच दारातून झालेले आहे.

या वाटेवर पहिले पाऊल म्हणजे प्रस्ताव. मुख्य संशोधक, ज्याला कार्यालयात सगळे ‘पीआय’ म्हणतात, तो आधी थोडक्यात मांडतो की प्रश्न कोणता, आजवर त्याचे उत्तर का मिळालेले नाही आणि मी ते कसे शोधणार. तो पटला तर सविस्तर प्रस्ताव मागवला जातो. विषयातील तज्ज्ञ, जे त्या संस्थेशी किंवा संशोधकाशी संबंधित नसतात, तो वाचून आपले मत देतात आणि मग समितीसमोर चर्चा होते. एनआयएचमध्ये ही परीक्षा दोन पायऱ्यांची असते. पहिल्या पायरीवर तज्ज्ञांचा गट १ ते ९ असे गुण देतो, त्यात १ म्हणजे उत्तम आणि ९ म्हणजे टाकाऊ, आपल्या शाळेच्या अगदी उलट. दुसऱ्या पायरीवर सल्लागार मंडळ देशाची गरज आणि तिजोरी पाहून शिफारस करते. तिथेही साधारण पाच अर्जांतील एकालाच अनुदान मिळते, त्यामुळे नकाराचे पत्र आले म्हणून तोंड पाडून बसणाऱ्या आमच्या तरुण डॉक्टरांना मी हा आकडा आवर्जून सांगत असे.

तज्ज्ञांची ही पद्धत निर्दोष आहे असे मला वाटत नाही. नावाजलेल्या संस्थेच्या प्रस्तावाकडे पाहणारी नजर आणि तालुक्याच्या गावातून आलेल्या प्रस्तावाकडे पाहणारी नजर सारखी नसते. इंग्रजी सफाईदार असलेला साधारण प्रश्न पुढे जातो आणि अडखळत लिहिलेला चांगला प्रश्न मागे राहतो, असे मी पाहिले आहे. पण याहून बरी पद्धत अजून कोणत्याही देशाला सापडलेली नाही.

निधी परदेशी असेल तर आणखी एक चाळणी लागते. आरोग्य मंत्रालयाची एक छाननी समिती असे प्रकल्प तपासते आणि तिचे कामकाज आयसीएमआर पाहते. परदेशी निधीचा भरवसा किती धरावा, हा प्रश्न अलीकडे अधिक टोकदार झाला आहे. १ मे २०२५ रोजी एनआयएचने जाहीर केले की अमेरिकी विद्यापीठांमार्फत परदेशी संस्थांना उपअनुदान देण्याची जुनी पद्धत थांबवली जाईल आणि नवी रचना होईपर्यंत तशी नवी अनुदाने दिली जाणार नाहीत. वॉशिंग्टनजवळच्या कार्यालयात निघालेल्या अशा एका आदेशाचा परिणाम दूरच्या एखाद्या खेड्यात मोपेडवरून फिरणाऱ्या कार्यकर्तीच्या पगारावर होऊ शकतो.

मंजुरीच्या वाटेवरचा जो टप्पा गावाच्या सर्वांत जवळचा, तो म्हणजे नैतिकता समिती, बोलीभाषेत ‘इथिक्स’. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या समितीत ७ ते १५ सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा लागतो, आणि डॉक्टरांबरोबर कायदा जाणणारा, समाजशास्त्र जाणणारा आणि एक सर्वसामान्य नागरिकही असतो. हा सर्वसामान्य नागरिक म्हणजे शोभेची खुर्ची, असे मला आरंभी वाटे. एका बैठकीने ते मत बदलले. नोव्हेंबरमध्ये दर पंधरवड्याला स्त्रियांना तपासणीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रावर बोलवायचे, असा प्रस्ताव होता. सगळे डॉक्टर रक्ताच्या नळ्यांच्या संख्येवर बोलत होते. तेवढ्यात सदस्य म्हणून बसलेले निवृत्त गुरुजी म्हणाले, नोव्हेंबरात कापसाची वेचणी असते, मजुरी किलोमागे मिळते, मग त्या दिवशीच्या वेचणीचे पैसे त्या बाईला कोण देणार? कोणाकडेही उत्तर नव्हते. प्रस्ताव परत गेला, तपासणी सायंकाळी गावातच करायचे ठरले आणि बुडालेल्या मजुरीच्या भरपाईसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र रक्कम घालण्यात आली. भरपाई देता येते, पण ती इतकी मोठी नसावी की पैशाच्या मोहाने माणूस धोका पत्करेल, असाही नियम आहे, आणि ती रेषा दिल्लीत बसून आखता येत नाही.

संमतीपत्राचेही असेच बारकावे आहेत. ते सहभागी होणाऱ्याच्या भाषेत हवे, लिहिता-वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना प्रकल्पाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा, सात ते बारा वर्षांच्या मुलांची तोंडी आणि त्यापुढच्या मुलांची अठरा वर्षांपर्यंत लेखी अनुमती पालकांच्या संमतीखेरीज घ्यावी लागते. शेवटच्या पानावर नैतिकता समितीच्या सचिवांचा दूरध्वनी क्रमांक असतो. आणि ‘केव्हाही कारण न देता बाहेर पडता येईल, तुमच्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होणार नाही’ हे वाक्य असते. परिचारिकेने हे वाक्य दोनदा वाचावे, असा माझा आग्रह असे.

शारीरिक आजारांवरील संशोधन लोकांना चटकन समजते. गोळी, रक्त, सोनोग्राफी हे सगळे डोळ्यांना दिसते. वर्तन आणि मन यांवरचे संशोधन मात्र पैसे देणाऱ्यांनाही पटवावे लागते, आणि विदर्भात तर त्याचीच गरज मोठी आहे. नैराश्य मोजण्यासाठी जगभर नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. मागील दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, असे विचारून प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण देतात आणि बेरीज दहा किंवा अधिक झाली की पुढची तपासणी करतात. ऐकायला सोपे. पण ‘नैराश्य’ हा शब्द आमच्या गावांत कोणी वापरत नाही. तिथे जीव लागत नाही, मन कशातच रमत नाही, डोक्यात इचार येतात, टेन्शन आलं, असे म्हणतात. पुण्यामुंबईच्या मराठीत केलेले भाषांतर आम्ही पहिल्या दिवशी गावात नेले तेव्हा एका शेतकऱ्याने ‘तुम्हाला गोष्टींमध्ये रस वाटत नाही का’ या प्रश्नावर विचारले, “कोणत्या गोष्टी? कहाण्या?” दोन महिने पुन्हा भाषांतर, उलट भाषांतर, चाचणी, दुरुस्ती यांत गेले. अंदाजपत्रकात या दोन महिन्यांसाठी एक रुपयाही नव्हता, कारण ते दिल्लीला पाठवताना आम्हीच भाषांतर हे टंकलेखनासारखे काम धरले होते.

त्यातील नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. त्याला ‘हो’ असे उत्तर आले की कार्यकर्तीला नुसते खूण करून पुढच्या घरी जाता येत नाही. त्याच दिवशी त्या माणसाची डॉक्टरांशी गाठ घालून देणे, घरच्यांशी जपून बोलणे, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक देणे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन पाहणे, हे सगळे करावे लागते. यासाठी गाडी लागते, मानसोपचारतज्ज्ञाचा वेळ लागतो, आणि कार्यकर्तीच्या स्वतःच्या मनाचीही काळजी घ्यावी लागते. वर्तनविषयक संशोधनाला यंत्रे लागत नाहीत म्हणून ते स्वस्त असते, हा समज त्यामुळेच साफ चुकीचा आहे. त्याचा खर्च माणसांवर, पेट्रोलवर आणि वेळेवर होतो, आणि अंदाजपत्रकावर कात्री चालवताना समित्यांचा हात पहिल्यांदा याच तीन ओळींवर पडतो.

असे काम होऊ शकते याचा पुरावाही विदर्भातच आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांमार्फत नैराश्यावर मदत पोहोचवण्याचा ‘विश्राम’ हा कार्यक्रम झाला. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी शंभरांत केवळ ४.३ जणांनी उपचार घेतले होते. कार्यक्रमानंतर हे प्रमाण २७.२ वर गेले, आणि हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. यामागचा निधी मात्र सरकारी नव्हता, तो टाटा न्यासाचा होता. गडचिरोलीत बंग दांपत्याने ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला आणि ज्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये जगासमोर आले, तोही खासगी प्रतिष्ठानांच्या निधीवर उभा होता. सरकारी पैसा त्यानंतर आला. आयसीएमआरने तीच पद्धत पाच राज्यांत तपासून पाहिली, आणि २०११ पासून आशाताईंनी बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी भेटी देण्याचा देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला. एखादा प्रश्न नवा, अवघड किंवा दिसायला क्षुल्लक असताना त्यावर पैसा लावण्याची हिंमत आपल्या सरकारी अनुदानाने अधिक दाखवावी, असे मला या दोन्ही उदाहरणांवरून वाटते.

मंजुरीपत्र आले की पेढे वाटले जातात, आणि खरी कसरत त्यानंतर सुरू होते. पैसा संशोधकाच्या खिशात येत नाही, संस्थेच्या खात्यात येतो. तो शीर्षांत वाटलेला असतो: मनुष्यबळ, साहित्य, प्रवास, उपकरणे, किरकोळ खर्च. एका शीर्षातले पैसे परवानगीशिवाय दुसऱ्या शीर्षात वापरता येत नाहीत. खात्यावर पडलेले व्याजसुद्धा आपले नसते, ते हिशेब पूर्ण झाल्यावर केंद्र सरकारच्या संचित निधीत परत करावे लागते. अनुदानातून घेतलेला शीतकपाट प्रकल्प संपल्यावर विकून टाकता येत नाही. आणि दरवर्षी एक उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामासाठीच वापरल्याचा दाखला, द्यावे लागते, ज्याला सगळे ‘यूसी’ म्हणतात. ते गेल्याशिवाय पुढचा हप्ता येत नाही.

हे नियम जनतेच्या पैशासाठी आवश्यकच आहेत. पण त्यांचे पंचांग आणि शेताचे पंचांग जुळत नाही. आमच्या एका प्रकल्पात वर्षाचा हप्ता खात्याच्या सांकेतिक क्रमांकातील एका चुकीमुळे अडकला. चूक कोणाची यावर पत्रापत्री चालली, तोवर सोयाबीन निघाले, कापसाची वेचणी झाली, तुरीची खळीही उरकली. पैसे फेब्रुवारीच्या शेवटी आले आणि ३१ मार्चपर्यंत खर्च दाखवायचा होता. मधल्या चार महिन्यांत आमच्या सहा कार्यकर्तींना मानधन नव्हते. त्यातील एक, जिच्या हातचे भरलेले अर्ज आम्ही इतरांना नमुना म्हणून दाखवत असू, ती काम सोडून नागपूरच्या एका कापडदुकानात लागली. तिच्याकडच्या दोन गावांतील लोक नव्या माणसाशी मोकळेपणाने बोलेनात आणि त्या गावांतील निम्म्या पाठपुरावा भेटी हुकल्या. अंतिम अहवालात हे ‘पाठपुरावा न होऊ शकलेले सहभागी’ अशा एका ओळीत मावले. प्रकल्पाचे कर्मचारी एकत्रित मानधनावर, ठरावीक मुदतीच्या करारावर असतात, आणि प्रकल्प संपला की त्यांचा अनुभवही घरी जातो. या पैशाच्या व्यवस्थेतील सर्वांत मोठी गळती माझ्या मते हीच आहे, आणि ती कोणत्याही लेखापरीक्षणात दिसत नाही.

संमतीपत्राच्या शेवटच्या पानावर असलेल्या त्या दूरध्वनी क्रमांकावर माझ्या काळात सहभागी व्यक्तीचा एकच फोन आला. पलीकडे एक म्हातारे गृहस्थ होते. “माह्यं रगत अजून तुमच्यापाशीच हाय काय? असन तं आता ठेवू नका.” त्यांनी कारण सांगितले नाही, आणि ते सांगायला ते बांधीलही नव्हते. यादी काढली, उणे ऐंशी अंशांच्या शीतकपाटात त्यांच्या सांकेतिक क्रमांकाची कुपी सापडली, समितीपुढे टिपण ठेवले, कुपी नियमाप्रमाणे नष्ट केली आणि तसे पत्र मराठीत लिहून आशाताईंच्या हाती त्यांच्या घरी पाठवले. पोच म्हणून ताईंनी परत आणलेल्या प्रतीवर त्यांची सही होती. अंगठ्याच्या जागी त्यांनी, थरथरत्या हाताने का होईना, आपले पूर्ण नाव लिहिले होते.